दोन बाण, टोकाला टोक

दत्तू, तुझ्या शोकसभेला खुर्च्या कमी पडल्या. जिवंतपणी तुझ्या दुकानात एका वेळी तीन गिऱ्हाइकं आली तर चौथ्याला तू बाहेर उन्हात उभं करायचास, आणि त्या दिवशी शाळेच्या पटांगणात अर्धा तालुका तुझ्या नावाने उसासे टाकत बसला होता. अध्यक्षस्थानी साखर कारखान्याचे चेअरमन दादासाहेब. अंगात कडक इस्त्रीची खादी, हातात रुमाल. त्यांनी तुला ‘शस्त्रविद्येचे महर्षी’ म्हटलं. बारा बोअरच्या बंदुकांच्या नळ्या घासून पोट भरणाऱ्या आणि बोटांना जन्मभर रॉकेलचा वास असणाऱ्या तुला! टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे लोकांना कळेना, तेव्हा काहींनी वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला हसू आलं नाही, किळस आली. मग तुझ्या फोटोकडे पाहिलं, त्यावरचा दादासाहेबांचा भलामोठा हार पाहिला, आणि तुझीही किळस आली.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात म्हणे. मला ते जमणार नाही. गेले आठ महिने आपण एकमेकांशी बोललेलो नाही. बाजारात समोरासमोर आलो तर तू कापडवाल्याच्या दुकानात शिरायचास आणि मी पानाच्या टपरीशी थांबायचो. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं! भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच होती. या वेळी मात्र परत यायची सोय न ठेवता गेलास. तेव्हा आता मी बोलतो आणि तू ऐक.

आपली ओळखच मुळी अपमानाने झाली. कचेरीत शस्त्र-परवान्यांच्या टेबलावर मी नुकताच आलो होतो. दर हिवाळ्यात परवानाधारकांनी आपापलं हत्यार घेऊन यायचं, मी रजिस्टरमधला नंबर हत्यारावरच्या नंबराशी ताडायचा, बरोबरची खूण करायची, झाली वार्षिक तपासणी. हत्यारं उघडून दाखवायला म्हणून कचेरीने तुला बोलावलं होतं. नगरच्या छावणीतल्या लष्करी वर्कशॉपमध्ये काम शिकलेला, पुढे आपल्या गावात बंदुका-दुरुस्तीचं दुकान घातलेला मिस्त्री, एवढीच माहिती मला होती. तू माझं रजिस्टर आपल्याकडे फिरवलंस, बोट लावत चार पानं वाचलीस आणि भर कचेरीत मोठ्याने म्हणालास, “ओ कारकून, हे सात जन एकाच पिस्तुलावर परवाना काढून बसल्यात व्हय?”

सात रिव्हॉल्व्हरांपुढे एकच नंबर होता. माझ्या आधीच्या कारकुनाने नळीवर ठळक कोरलेला पेटंटचा आकडा हत्याराचा नंबर समजून उतरवला होता, आणि सगळी सात एकाच बनावटीची असल्यामुळे आकडा सगळ्यांवर तोच. मी त्यावर तीन आठवडे इमाने-इतबारे बरोबरच्या खुणा करत होतो. आकडे जुळत होते ना! शिपाईसुद्धा हसला. तुला त्या दिवशी मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी मीच तुझ्या दुकानात आलो. त्या हिवाळ्यात तू मला डोळे दिलेस, हे मी नाकबूल करणार नाही. तोवर मला रिव्हॉल्व्हर म्हणजे एक काळं लोखंड दिसायचं. तू शिकवलंस, की आधी अंगठा रॉकेलमध्ये बुडवून सांगाड्यावरून फिरवायचा, मळ गेला की मग बघायचं. कारखान्याचं नाव शेवटी वाचायचं, कारण नाव नकली असू शकतं. पहिला बघायचा नंबर. सांगाड्यावर, नळीवर आणि गोळ्यांच्या चक्रीवर तोच नंबर असला तर हत्यार अस्सल, नसला तर कुणीतरी दोन मोडक्यांचं एक धड केलेलं. मग चाचणीचे ठसे, म्हणजे दारू भरून नळी फुटत नाही ना हे पाहणाऱ्या सरकारी घराचे बारीक शिक्के. मुकुटाचा आकार बदलला की काळ बदलला. मग घोडा, मग मूठ, मग मुठीखालची दोरी ओवायची कडी.

आणि सगळ्यात शेवटी तुझी ती लाल पुठ्ठ्याची वही. ज्या हत्यारांवर सालच कोरलेलं असायचं त्यांचे नंबर तू तिच्यात ओळीने लिहून ठेवायचास. नवं हत्यार आलं की त्याचा नंबर कुठल्या दोन नंबरांच्या मधे बसतो ते पाहायचास, आणि साल त्याच दोन सालांच्या मधलं. इतकं साधं! “नंबर पुढं पळतो, कारकून. मागं कवाच येत न्हाई,” असं म्हणून तू वही मिटायचास. आपण दोघांनी मिळून ते रजिस्टर साफ केलं. सातही रिव्हॉल्व्हरांना आपापले नंबर मिळाले. माझ्या नोकरीत मी केलेलं ते एकमेव काम असावं जे करताना मला कारकून असल्याची लाज वाटली नाही.

तेव्हा तुझी जीभ कुणाला भीत नव्हती. एक इनामदार मखमली पेटीतून रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते, आठवतं? सत्तावन्नच्या बंडात पणजोबांनी गोऱ्या कर्नलला लोळवून घेतलेलं. तू भिंग लावलंस, एका अंडाकृती ठशावर नखाने टिचकी मारलीस आणि म्हणालास, “बेल्जमचं हाय साहेब. स्वस्तातलं. तुमचे पंजोबा गेल्यावर लई सालांनी झाल्यालं.” इनामदार पेटी उचलून तरातरा गेले ते पुन्हा तुझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. तू खांदे उडवलेस आणि चहा सांगितलास. कुणाच्या आजोबांना लाटसाहेबाने बक्षीस दिलेलं, कुणाच्या मामांना संस्थानिकाने मिठी मारून दिलेलं, अशी सगळी खानदानी थापेबाजी तुझ्या टेबलावर आली की गळून पडायची. मी तुझ्याकडे पाहत राहायचो. खरं बोलायला एवढं कमी लागतं, असं मला वाटायचं.

एक गोष्ट मात्र मी तुला नेहमी चिडवून सांगायचो. तू दाखला लिहायला बसलास की दीड पान नुसतं वर्णन. कुठे ओरखडा, कुठे खिळा बदललेला, कुठला ठसा अर्धवट उमटलेला. मी म्हणायचो, “लेका, कचेरीत वर्णन कोण वाचतो? शेवटची ओळ आणि सही बघतात आणि फाईल पुढे सरकवतात.” त्यावर तू म्हणायचास, “तू वाचतोस की.” आणि मी वाचायचो, हे खरं आहे. तेव्हा वाचायचो.

त्याच काळात कधीतरी तू मला बाणांची गोष्ट सांगितली होतीस. सरकारी हत्यारावर बाणाच्या टोकाची खूण असते, हे मला माहीत होतं. लढाई संपल्यावर छावणीतली जादा हत्यारं विक्रीला काढली तेव्हा त्या प्रत्येकावर आधीच्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा उलटा बाण मारायचा, म्हणजे हे आता सरकारचं राहिलं नाही, रीतसर विकलं, असा त्याचा अर्थ. ते ठसे मारायचं काम चार महिने तुझ्याकडे होतं. तू डावखुरा. हातोडी डाव्या हातात, त्यामुळे तुझा दुसरा बाण दर वेळी जरा खाली घसरायचा आणि तुझा हवालदार तुझ्या नावाने खडे फोडायचा. “शंभरातलं माझं एक वळकून काढीन,” असं तू म्हणाला होतास. मी हसण्यावारी नेलं होतं.

आता दादासाहेबांकडे येतो. टाळून चालणार नाही.

गेल्या वर्षी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली आणि सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट द्यायचं ठरवलं. एका रात्रीत तालुक्यात केवढे देशभक्त उगवले! बेचाळीस साली जी माणसं साहेब दिसला की पागोटं काढून रस्त्याच्या कडेला उभी राहायची, त्यांची मुलं अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी गर्दी करू लागली. दादासाहेबांनी आपल्या दिवंगत वडिलांच्या नावाने अर्ज केला. गोदाकाठच्या त्यांच्या गावात, पुणतांब्याच्या अलीकडे, बेचाळीसच्या ऑगस्टात चावडीवर जमाव गेला होता आणि जमावातल्या एकाने इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर हिसकावलं होतं. ही घटना खरी. पंचक्रोशीला ठाऊक. हिसकावणारा मात्र गेनबा होता, गावातला एक घोंगड्या विणणारा. त्याने ते धावत नेऊन गोदावरीच्या डोहात फेकलं, स्वतःहून पकडला गेला, मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि सुटून आल्यावर दोन-तीन वर्षांत छातीच्या दुखण्याने गेला. दादासाहेबांचे वडील त्या दिवशी चावडीच्या मागे त्याच अधिकाऱ्याच्या घोड्याला कडबा घालत होते. हेही पंचक्रोशीला ठाऊक.

गेनबाच्या बायकोने, सरूबाईने, नवऱ्याच्या नावाने अर्ज केला होता. पुरावा म्हणून तिच्याजवळ काही नव्हतं. दादासाहेबांच्या घरात रिव्हॉल्व्हर होतं.

ते घेऊन ते तुझ्या दुकानात आले तेव्हा मी तिथेच बाकावर बसलो होतो. त्यांनी रुमाल सोडला. “दत्तोबा, हेच ते. वडिलांनी हिसकावलेलं. कमिटी म्हणते, जाणकाराचा दाखला जोडा. आता तालुक्यात तुमच्यावरचा जाणकार कोण?” मग त्यांनी ते उलटं धरून सांगाड्यावर बोट ठेवलं. “हे बघा दोन बाण, टोकाला टोक. मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यालाच मिळायची ही निशाणी. आम्ही आता चिरंजीवांच्या लग्नपत्रिकेवर छापून घेतोय.”

मी खोकलो. तू नाहीस. तू भिंग डोळ्याला लावलंस आणि कितीतरी वेळ ते काढलंच नाहीस. चक्रीच्या खाली जिथे साल कोरलेलं असतं तिथे कानशीने घासून वर काळा रंग फासला होता. साल खोडायची अक्कल होती, पण नंबर तिन्ही जागी शाबूत. नंबर खोडला तर परवाना जातो ना! घोड्याला अंगठ्याने मागे ओढायचं शेपूटही नव्हतं, म्हणजे बनावट लढाईच्या काळातली. तू लाल वही उघडलीस. एका निवृत्त जमादाराच्या हत्याराचा नंबर याच्या जरा आधीचा, साल त्रेचाळीस. एका ठेकेदाराच्या हत्याराचा जरा नंतरचा, साल चव्वेचाळीस. मीही तुझ्या खांद्यावरून वाचलं. बेचाळीस साली हिसकावलेलं हत्यार बेचाळीस साली जन्मालाच आलं नव्हतं. ते विलायतेत बनलं, छावणीत आलं, लढाई संपल्यावर विक्रीला निघालं आणि दादासाहेबांच्या वडिलांनी ते पावती फाडून घेतलं. विकल्याची खूण त्यांचा मुलगा शौर्याची निशाणी म्हणून मिरवत होता!

मी वाट पाहत होतो, आता तू टिचकी मारशील. तू वही मिटलीस आणि म्हणालास, “दाखला दोन दिसांनी न्या.”

“तुमच्या दुकानाच्या परवान्याचं अडलंय ना वर? मी बघतो,” असं म्हणत दादासाहेब उठले.

ते गेल्यावर आपण जे भांडलो ते तुझ्या शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून ऐकलं.

“सही करणार तू?”

“करनार.”

“बेचाळीस लिहिणार?”

“साल मी लिवनारच न्हाई. त्यांना साल नको हाय, सही पायजे.”

“मग त्यात फरक काय राहिला?”

“आधी वाच, मंग बोल,” तू म्हणालास. भिंग पुसत होतास आणि माझ्याकडे पाहत नव्हतास. “परवाना गेला तर ह्या वयात काय दगड फोडू? माझं मी बगतो. तुझं तू बग.”

मी तुला लोचट म्हणालो. इनामदाराला बेल्जियम सुनावणारा दत्तू मेला, म्हणालो. साखरेच्या पोत्यापुढे शेपूट हलवणारा, असंही म्हणालो. तू भिंग रुमालात गुंडाळलंस, स्वतःच्याच दुकानातून उठलास आणि मला आत बसवून बाहेर निघून गेलास. तेच आपलं शेवटचं बोलणं.

दोन दिवसांनी तुझा दाखला माझ्या टेबलावर आला. दोन पानं, लाल फीत. खाली तुझी ती उलट्या बाजूला कललेली सही. सही पाहिली आणि तेवढ्यावरच थांबलो. पान उलटून पाहिलं नाही. टाचणी लावली, वर टिपणी लिहिली, ‘जाणकाराचा दाखला सोबत जोडला आहे’, आणि फाईल वर पाठवली. सही तुझी, पाप तुझं. मला केवढं हलकं वाटलं होतं, दत्तू! तुझा तिरस्कार करताना मला स्वतःला काहीच करावं लागत नव्हतं.

पंधरा ऑगस्टला ताम्रपट दादासाहेबांनी घेतला. सरूबाईचा अर्ज परत आला. कारण असं, की हिसकावलेलं हत्यार दुसऱ्या अर्जदाराकडे उपलब्ध आहे. ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. साठीची बाई, दुष्काळी कामावरून तशीच आलेली, पापण्यांवर खडीची धूळ. “भाऊसाहेब,” ती म्हणाली, “आमच्या मालकानं पान्यात फेकल्यालं पिस्तूल त्यांच्या घरात कसं गेलं, येवढं तरी सांगा. मी डोळ्यानं बगितल्यालं हाय.”

“जाणकाराचा दाखला आहे, बाई,” मी म्हणालो.

“कोन जानकार?”

मी तुझं नाव सांगितलं. तिने कागदाची घडी पदराला बांधली आणि ती गेली. त्या संध्याकाळी मी घरी तुला इतक्या शिव्या दिल्या, की बायकोने रेडिओ बंद केला. पुढे दोन बाण लग्नपत्रिकेवर आले, मग जीपच्या दारावर आले, मग दादासाहेबांच्या नव्या बंगल्याच्या फाटकावर लोखंडात ओतून आले. जाता-येता मला ते दिसायचे आणि मी तुझ्या नावाने थुंकायचो. आठ महिने मी तुझ्या नावाने थुंकलो.

तुझ्या दहाव्याला मी आलो ते लोक काय म्हणतील म्हणून. घाटावरून परतताना वहिनींनी मला थांबवलं आणि पिशवीतून लाल वही काढली. “भावजी, ही तुमास्नी द्यायची म्हनून सांगून ठेवलं हुतं ह्यांनी. मी म्हनलं, तुमीच द्या की. तर म्हनले, त्यो बोलाय आल्याबिगर मी देनार न्हाई.”

वहीत शेवटच्या पानाला दाखल्याची कार्बन-प्रत चिकटवलेली होती. मी ती घाटाच्या पायरीवर बसून वाचली. सही सोडून सगळं पहिल्यांदाच वाचत होतो.

तू काय लिहिलं होतंस ते तुला सांगायला नको, पण मला ते पुन्हा लिहायचं आहे. ‘नंबर तीन ठिकाणी, तिन्ही जुळतात. हा नंबर दप्तरातल्या अमुक व अमुक परवान्यांवरील हत्यारांच्या नंबरांच्या मधला आहे. त्या दोन्हींवर साल कोरलेले आहे, ते पाहावे. चक्रीखालील सालाची जागा अलीकडे कानशीने घासून रंगवलेली आहे. घोडा विनाशेपटीचा. सांगाड्यावर दोन बाण, टोकाला टोक, म्हणजे सरकारी मालातून विक्री झालेले हत्यार. यातील दुसरा बाण डाव्या हाताने मारलेला असून खाली घसरलेला आहे. मारणारा इसम हयात असून विचारल्यास सांगेल.’ आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, ‘हे हत्यार आपल्या वडिलांकडील आहे असे अर्जदार सांगतात.’

मारणारा इसम हयात असून विचारल्यास सांगेल.

तू भिंग इतका वेळ का काढलं नाहीस ते मला त्या पायरीवर कळलं. तुझ्याच हातचा बाण तुझ्यासमोर आला होता. दादासाहेब सहीखेरीज काही वाचणार नाहीत, कमिटी शेवटच्या ओळीखेरीज काही वाचणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं, कारण ते मीच तुला वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. आणि मधल्या दीड पानासाठी आख्ख्या कचेरीत एकच माणूस होता, ज्याला दोन बाणांचा अर्थ माहीत होता आणि तू डावखुरा आहेस हेही माहीत होतं. ते दोन परवाने माझ्या कपाटात होते. मी फक्त त्या ओळींखाली लाल रेघ मारायची होती. तू विचारण्याची वाट पाहत राहिलास. आठ महिने. कुणीही विचारलं नाही.

म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. तू भित्राच होतास. तोंडाने चार शब्द बोलला असतास तर सरूबाईचा अर्ज परत आला नसता. मला रस्त्यात धरून, “गाढवा, वाचलंस का?” एवढं विचारलं असतंस तरी चाललं असतं. पण तुला तुझा परवानाही हवा होता आणि खरंही हवं होतं, म्हणून खरं तू लिहून ठेवलंस आणि बोलायचं काम माझ्यावर ढकललंस. आणि मी? माझ्याजवळ तर परवान्याचीही भीती नव्हती. माझ्याजवळ नुसता तोरा होता. शोकसभेत दादासाहेबांना नाकं मुरडणारा मी, त्यांचा ताम्रपट माझ्याच टाचणीने लागला होता.

दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सरूबाईकडे गेलो. खडी-केंद्रावर बाभळीखाली बसून तिला तुझा दाखला वाचून दाखवला. सगळा तिला कळला नसेल. नंबर म्हणजे काय, साल कसं निघतं, ते मी तुझ्यासारखं सांगायचा प्रयत्न केला. तिने हातातली हातोडी बाजूला ठेवली.

“म्हंजी त्यांच्या घरातलं त्ये न्हवंच?”

“नव्हेच. ते लढाईनंतर विकत घेतलेलं.”

“मंग मालकांनी फेकल्यालं अजून डोहातच हाय?”

“तिथेच असणार.”

तिने नदीच्या दिशेने पाहिलं. यंदा डोहात पाणी नाही, नुसता भेगाळलेला गाळ आहे. “असू द्या,” ती म्हणाली. “हुडकू नगा कुनी. ताम्रपट बी नगं. तेवढं कागदावर लिवा, का गेनबानं फेकलं. मला येक डाव ऐकू द्या.”

सोमवारी मी टिपणी लिहिली. तुझं वर्णन शब्दन् शब्द खाली उतरवलं, ते दोन परवाने जोडले, आणि ताम्रपट चुकीच्या नावाने दिला गेला आहे, फेरतपासणी व्हावी, असं लिहिलं. दाखला येऊनही तो न वाचता पुढे पाठवल्याची चूक माझी आहे, हेही लिहिलं. साहेबांनी वाचून चष्मा काढला. “बाणांचा हा अर्थ तुम्हाला कुठून कळला?” मी तुझं नाव सांगितलं. “मग त्यांना बोलवा,” ते म्हणाले. शोकसभेत माझ्या पुढच्याच रांगेत बसले होते ते!

दादासाहेबांना बातमी लागली आहे. माझी बदली अकोल्याकडे, पार भंडारदऱ्याच्या बाजूला होईल असं शिपाई सांगतो, आणि शिपायाचं सहसा चुकत नाही. होऊ दे. फाईल आता वर आहे. तिच्यातून काय निघेल ते मला माहीत नाही. पण सरूबाईला मी टिपणीची नक्कल वाचून दाखवली. गेनबाचं नाव आलं तिथे तिने मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

लाल वही माझ्याजवळ आहे. परवा कचेरीत आलेल्या, साल कोरलेल्या एका हत्याराचा नंबर मी तिच्यात माझ्या हाताने लिहिला, तुझ्या खालच्या ओळीत. सतरा वर्षांत एकाही हत्याराचं साल सांगताना तू चुकला नाहीस, दत्तू. एकदाच चुकलास, आणि तेही माणसाच्या बाबतीत. हा वाचेल, असं तुला वाटलं.